फळीची गाठ

पणजोबा इद्रिस, सुतार.
सेव्हर्नच्या मुखाशी पिठाची गिरणी उठत होती,
तिच्या ओतकामाला फळ्या त्यांनी ठोकल्या
आणि सहाही मजले कुरकुरत चढले:
वाळू, खडी, सिमेंटची लापशी,
पोटात बोटभर सळ्या,
ह्यावर कोण ठेवणार गव्हाची पोती?

फ्रान्सहून आलेल्या गॅलारनं ठेवली.
दुप्पट.
मग घड्याळ उघडून स्वतः खाली जाऊन उभा राहिला.
गोदीतले हमाल लांबूनच बघत होते.
स्लॅब केसभर वाकला,
पोती उतरल्यावर पुन्हा वर आला.
ब्रोनवेन आत्या म्हणते, इद्रिसनं तेव्हा टोपी काढली.
बाबा म्हणायचे, छे, डोकं खाजवलं.

फळ्या त्या हिवाळ्यात शेगडीत गेल्या.

सत्त्याऐंशी वर्षांनी पाडायला आले.
लोखंडी गोळा आदळायचा
आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचा.
सात आठवडे.
शाळा सुटली की मी कुंपणाशी.

शेवटी छताचा एक ढलपा उचलून आणला.
त्यावर पाइनच्या रेषा, उलट्या उमटलेल्या,
आणि अंगठ्याएवढी एक गाठ.
लाकडाची आठवण म्हणावी,
तर फारच जड आहे.

मागचं दार वाऱ्यानं आपटतं.
त्याला लावते.