परतीचा माल

भवानी पेठेत पहाटे पाचला गोडाऊनचं शटर अर्धंच वर जातं,
वाकून आत शिरावं लागतं, देवळात शिरावं तसं.
हसमुखशेठ अजून दात घासतायत
आणि मी मोजतोय : साबण चार पेट्या, मीठ,
एक रुपयाच्या शांपूच्या माळा, पेन्सिल सेल.
सेल जास्त घे, म्हणतो तांबोळी,
केळदला परवापासून वीज नाही.

हे कंपनीच्या मशीनला ठाऊक नसतं.
मशीन सांगतं, मागच्या वर्षी याच आठवड्यात काय खपलं.
मागच्या वर्षी याच आठवड्यात
ओढ्यावर पूल होता.

कात्रज, खेड शिवापूर, चेलाडी फाटा,
इथवर माल छापील भावाने येतो.
पुढे प्रत्येक वळण आपली पै त्यात घालतं :
डिझेल, पंक्चर, फुटलेली बरणी,
आणि वेल्ह्याच्या पुढे एक खर्च, ज्याला नावच नाही,
दुकानदार गुरांमागे रानात गेलेला
आणि आपण पायरीवर बसलेलो.

यमुनाबाई ढेब्यांचं दुकान म्हणजे पडवीतलं एक कपाट.
उधारीची वही नाही. भिंतीवर कोळशाच्या रेघा,
भात झोडला की पुसायच्या.
साबणाची वडी ती दोऱ्याने कापून अर्धी विकते.
ती अर्धी वडी कंपनीने कधी बनवली नाही.

आज सांगायचं होतं, पुढच्या महिन्यापासून हा रूट बंद.
चहा झाला. दुसरा झाला.
मी सेल मोजून दिले, पुन्हा मोजले.
शेवटी तांबोळीच बोलला, गाडीकडे बघत :
किलोमीटरमागे विक्री बसत नाही, मावशी.

ती उठून आत गेली.
इंद्रायणीची दोन पोती एकेक करत ओढत आणली,
मागून नातू, डोक्यावर हिरड्याचं गाठोडं.
"शेजारणीची वाटी आपण रिकामी धाडतो का?
तुम्ही एवढा टेम्पो रिकामा नेता, वर्षानुवर्षं.
बघून लाज मला वाटते."

उतारावर टेम्पो पहिल्यांदाच खडखडला नाही.
हिरडा मार्केट यार्डात कोण घेतं, विचारू का?
तांबोळी दोनदा म्हणाला.
मी मशीन उघडलं. ऑर्डर, वसुली, परत आलेला माल.
तिथेच भरलं : तांदूळ, दोन पोती. हिरडा, एक गाठोडं.
त्याने कारण विचारलं.
मुदत संपली. फुटला. भिजला. उंदीर.
चेलाडीला रेंज आली
तरी बोट काचेवर तसंच.