ताळा

कागदाची गिरणी बंद पडली
तेव्हा चिमणी तेवढी उभी ठेवली त्यांनी,
आणि तिच्या पायथ्याशी, जुन्या वजनकाट्याच्या खोलीत
आम्हाला जागा दिली:
तीन रिअ‍ॅक्टर, हायड्रोजनचं एक नळकांडं
आणि खिडकीभर केमियोकी नदी, पाच महिने पांढरी.

तौनो यायचा मंगळवारी.
एकेचाळीस वर्षं इथेच त्यानं लाकडातून लगदा काढला
आणि उरलेलं काळं पाणी बॉयलरात जाळलं.
"तेच काळं आता तुम्ही बाटल्यांत भरता," म्हणायचा,
"वर पगारही घेता."

मी एक बाटली त्याच्या नाकाशी धरली.
बर्चच्या भुशातलं लिग्निन निकेलनं सुटं केलं
की वास येतो थोडा लवंगेचा, थोडा धुराचा,
थोडा नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याचा.
त्यानं हुंगलं. "सॉना," म्हणाला. एवढंच.

मग विचारलं, "हे निकेल संपतं का?"
पुस्तकात नाही संपत.
पुस्तकात ते काडीमोड करून देतं
आणि हात झटकून मोकळं होतं.
इथे मात्र काजळी धरतं,
चौथ्या खेपेला सुस्तावतं,
हवेत तापवून काजळी जाळावी लागते त्याची,
आणि दर वेळी ते
थोडं कमी शुद्धीवर येतं.
"माणसासारखंच की," असं तो म्हणेल वाटलं होतं.
तो म्हणाला, "बॉयलरसारखं."

फेब्रुवारीत त्यानं एक पोतं आणलं.
आत पिशव्या. फ्रीझरच्या, पावाच्या, दुधाच्या,
धुतलेल्या, वाळवलेल्या, चार घड्या घातलेल्या.
हेल्वीनं तीस वर्षं काहीही टाकलं नव्हतं.
"प्लास्टिकचंही तेल करता ना तुम्ही?
मग घ्या. माळ्यावर जागा हवीय मला."

प्रत्येक पिशवीवर निळ्या शाईत तिचं अक्षर.
हिल्लाची फळं, ८७.
त्यावर काट, खाली: लिंगोन, ९१.
पुन्हा काट: मासा, येनीकडचा.
आणि एकीवर, ठळक:
तौनो, हात लावू नकोस.

शाईत तांबं असू शकतं.
रुथेनियमला ते सोसत नाही.
म्हणजे आधी पुसायला हवं होतं,
आणि पुसणार कोण, तर मीच,
अ‍ॅसिटोन आणि कापसाचे बोळे घेऊन.
मी त्याला विचारलं. चिडला.
"तीही धूतच होती की!"

दोन संध्याकाळी पुसत बसले.
८७ सगळ्यात शेवटी गेलं,
ते प्लास्टिकात खोल मुरलं होतं.

साठ ग्रॅम आत. तीस बारचा दाब, दोनशे चाळीस अंश,
सोळा तास.
लांबच लांब साखळ्या, कुठेही गाठ नसलेल्या,
त्यांना धरायचं तरी कुठे?
रुथेनियम धरतं. मधेच, मन मानेल तिथे,
आणि कधी अति होतं त्याचं, टोकं कुरतडत राहतं,
मग नुसता मिथेन.

सकाळी सत्तेचाळीस ग्रॅम तेल, फिकट, पाण्यागत.
नऊ ग्रॅम वायू.
चार ग्रॅम कुठेच नाहीत.
नळीत नाहीत, गाळणीवर नाहीत,
झाकणाच्या रबरी कड्यालाही चिकटलेले नाहीत.
मी तीनदा ताळा घातला.

तौनोला मी एक कुपी भरून दिली, वीस ग्रॅम.
नियमात बसत नव्हतं.
त्यानं ते सॉनाच्या दाराच्या बिजागरीला घातलं.

पुढच्या मंगळवारी आला, बूट झटकले नाहीत,
बर्फ आत तसाच विरघळू दिला.
"दार वाजत नाही आता," म्हणाला.
"कोणी आत आलं तर कळतच नाही."
आणि कुपी माझ्या टेबलावर ठेवली.
"उरलेलं परत घे. तुझ्या हिशेबात धर."

मी वजन केलं: अकरा ग्रॅम.
तारीख लिहिली, वेळ लिहिली.
आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा
ते अजून ठरलेलं नाही.