एकशे त्रेचाळीस

विल्यांडीत मार्च सरत आलाय,
तळ्यावरचा बर्फ अजून माणूस पेलतो,
आणि हिल्वे फोन कानाशी धरून
मिठाच्या व्यापाऱ्याच्या विधवेची गोष्ट ऐकते आहे.
डोळ्यांनी साथ सोडल्यापासून
ती पुस्तकं कानांनीच वाचते.

परवा मधेच खुदकन हसली.
विधवेची आई शेवटच्या घटका मोजत होती,
खोलीत सगळे गप्प,
आणि आई म्हणाली, फोनमधल्या बाईच्या त्या सपाट आवाजात,
"लेकी, मला थोडं एकशे त्रेचाळीस पाणी दे."

पानाचा आकडा.
कागदावर तळाशी मुकाट बसलेला,
यंत्राने उचलला आणि वाक्यात टाकला.
"फुकट ते पौष्टिक," मी म्हणालो.
"पौष्टिक आहे रे. पण खडे फार लागतात."

एकेचाळीस वर्षं मी खिळे जुळवले,
शिशाचे, उलटे, चिमटीत ओळखू येणारे.
ओळ संपताना शब्द मोडायचा
तर कुठे मोडला म्हणजे दुखणार नाही,
बोटांना कळायचं.
फाइल उघडली तर ते मोडलेले सगळे
ओळ केव्हाच निघून गेली तरी तसेच उभे:
अं-धार. पर-तला. माणु-सकी.
जुन्या टोकदार अक्षरांतला लांब एस
यंत्राला एफ वाटला,
त्यामुळे आमच्या भाषेतलं मीठ मीठ राहिलं नाही,
बेटही बेट राहिलं नाही.

अनुक्रमणिका आहे. एकोणतीस प्रकरणं, निळी, अधोरेखित.
कुठल्याही प्रकरणावर बोट ठेवा,
मुखपृष्ठावर येऊन आपटता.
हिल्वे सोळाव्यात असताना तिला झोप लागली, बॅटरी संपली.
पुन्हा तीच बोट, तेच बंदर, तीच वरात.
"तिचं तिसऱ्यांदा लग्न लावतेय मी," म्हणाली,
"त्याच नवऱ्याशी."

मग बसलो स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
भाचा तायवो सांगून गेला होता:
शीर्षकाला तू शीर्षक आहेस असं सांगावं लागतं,
नुसतं ठळक करून भागत नाही,
यंत्राला मोठं अक्षर दिसत नाही, काका.
"मलाही नाही," हिल्वे आतून.

तळटीपा एकशे बारा,
शेवटी एका ढिगात, सरपणासारख्या.
तिथवर जाता येत होतं, परत येता येत नव्हतं.
प्रत्येकीला परतीचा बाण लावला.
सहा आठवडे गेले त्यात.

बाविसाव्या प्रकरणात एक ओळ लागेना.
ररि४९ ।ल ऊ ठट्
असलं काहीतरी.
मूळ पानाचं चित्र काढून पाहिलं:
समासात पेन्सिल, घाईचं अक्षर.
मार्च ४९. उरलेलं परत आल्यावर.

मी नऊ वर्षांचा होतो त्या मार्चमध्ये.
आमच्या गल्लीतली चार घरं एका रात्रीत रिकामी झाली.
एका घरात दिवा तसाच जळत राहिला होता,
दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन विझवला.

नियम साधा आहे: वाचकांच्या खुणा काढून टाकाव्यात,
लेखकाचं तेवढं ठेवावं.
आयुष्यभर नियम पाळले मी.
ही एकशे तेरावी टीप केली.
बाणासकट.

काल ती तिथे पोचली.
फोनमधल्या बाईने ती ओळ वाचली,
पाण्याचं बिल वाचावं तशी.
हिल्वे काही बोलली नाही.
मग विचारलं, "इथून परत नेतो ना हा?"
"नेतो. बाणावर दोनदा टेकव."
तिने बोट अधांतरी धरलं.
बराच वेळ.

दोनशे सत्त्याऐंशी मात्र अजून सापडत नाही,
शेवटच्या प्रकरणांत कुठेतरी दडून बसलाय.
हसू आलं कुठे,
तर हाक मार.