कशाचा पाव?

कातळबंदरच्या शाळेत मी अकरा वर्षं मुख्याध्यापक.
अकरा वर्षं लॉगबुकात लिहीत आले :
'प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करण्यास वेळ द्यावा.'
लाल शाई. खाली सही. सहीवर शिक्का.
तांडेल गुरुजींना तीनदा लिहिलं,
मोहितेबाईंना त्यांच्या पहिल्याच महिन्यात.
त्या मधल्या सुट्टीत नळापाशी उभ्या राहून रडल्या.
ते मी पाहिलं होतं,
लिहिलं नव्हतं.

यंदा केंद्रातून कृतिसंशोधनाचा कोरा नमुना आला.
समस्येच्या चौकटीत हात आपोआप चालला :
'पाचवीतील मुले उत्तर देत नाहीत.'
कारणे : पालकांची उदासीनता, बोलीभाषा,
सुकट वाळवायचे दिवस.
चार मिनिटांत कारणं संपली.

पुरावा हवा, म्हणून मोबाइल
खडूच्या खोक्यात उभा करून ठेवला
आणि रात्री खोलीवर, भात शिजेपर्यंत, ऐकत बसले.

पस्तीस मिनिटांत बेचाळीस प्रश्न.
अडतीसांची उत्तरं माझ्याच आवाजात.
एका ठिकाणी कोणीतरी 'बा' म्हणतं
आणि त्यातलं 'ई' माझ्या पुढच्या वाक्याखाली बुडतं.
ते 'बा' मी सहा वेळा मागे नेऊन ऐकलं.
कुणाचं, ओळखू आलं नाही.
भात लागला.

सकाळी चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवली
आणि तिच्यावर लिहिलं :
'पाचवीच्या बाई थांबत नाहीत.'
तांडेल गुरुजींपुढे लॉगबुक सरकवलं,
म्हटलं, मागे बसा आणि माझ्यावर लिहा.
ते दचकले. दार लोटून घेतलं.
'मॅडम, वरून काही चौकशी लागली आहे का?'

छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून ते बसले.
मी विचारलं, पाव मोठा की अर्धा?
आणि मनातल्या मनात सातपर्यंत मोजायला लागले.
तीनवर घसा खाजला.
चारवर जेटीच्या कारखान्यात बर्फाची लादी घसरली,
ती घसरते हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.
पाचवर तोंड उघडलं, ते मिटायला
खडूच दातांत धरला.
सहा.
इल्यास होडेकर,
हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारा,
म्हणाला, 'बाई, कशाचा पाव?'

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.
म्हणून असेल, मी गप्प राहिले.
'सुरमयचा पाव घेतला नि बांगड्याचा अर्धा, तर...'
'पण बाईंनी मासा सांगितलाच नाय!' किमया पालशेतकर.
'सुरमय किती मोठी?'
'लिलावात पाव सुरमय कोण देतो रे तुला?'
पाठ राहिला. स्वाध्याय राहिला.
फळ्यावर एक बेढब सुरमय आली, तिचे चार तुकडे,
आणि डोकं कोणाच्या वाट्याला, यावर
घंटा होईपर्यंत भांडण.

तांडेल गुरुजींनी निळ्या पेनाने नोंदवलं :
'प्रश्न नऊ. मॅडम सहा वेळा थांबल्या.
तीन वेळा थांबल्या नाहीत.'
खाली, बारीक अक्षरात :
'मी स्वतः किती थांबतो, मोजून बघणार आहे.'

पुढच्याच आठवड्यात विस्तार अधिकारी आले
आणि मी पुन्हा सगळी उत्तरं भराभर देऊन टाकली.
इल्यास परत हात वर करण्यापुरता उरला.
हेही नमुन्यात लिहिलं आहे. वेगळी चौकट नव्हती,
समासात लिहिलं.

निष्कर्षाला चार ओळींची जागा आहे.
ती कोरी आहे.

मोहितेबाई आता दापोलीकडच्या शाळेत असतात.
नंबर तांडेल गुरुजींकडे होता, त्यांनी न विचारता दिला.
संध्याकाळी शाळेच्या पायरीवरून फोन लावला.
काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं,
तो कागद दुमडून पर्समध्ये टाकला.
रिंग वाजते आहे.
सात झाले.
मी अजून ठेवलेला नाही.