दर अक्षरी

म्हापशाला मासळीबाजाराच्या मागे
पत्र्याखाली एक ओटा, तेच दुकान.
छिन्न्या सतरा, त्यातल्या सहा वडिलांच्या.
थडग्यांवरची नावं कोरतो, दर अक्षरी.
आमच्या लोकांना मेल्यावर दगड लागत नाही,
म्हणून काना-मात्रेचा भाव
अजून ठरवावा लागलेला नाही.

अगोस्तिन्य कुलासो आला तेव्हा जिवंत होता.
मयड्याचा तारवटी. एकतीस वर्षं बोटीवर,
आधी इंजिनात तेलपुश्या, मग आचारी.
खिशातून घडी घातलेला कागद काढला:
स्वतःचं नाव, बापाचं, सात जहाजांची,
घर बांधल्याचं साल,
आणि बाल्कांवच्या फरश्या इटलीच्या, हेसुद्धा.
मोजली. दोनशे चौदा अक्षरं.
म्हटलं, पात्राव, दगड लहान पडेल.
म्हणाला, मग मोठा घे,
आणि सगळे पैसे तिथंच मोजून ठेवले.

मागच्या अंगणात त्याला न्यायला नको होतं.
तिथं परत आलेले दगड असतात.
गावची सिमितेर केवढीशी,
तीन-चार वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात,
हाडं भिंतीतल्या कोनाड्यात,
आणि दगड निम्म्या भावात माझ्याकडे.
मी पालथा करतो. पाठ कोरी असते.

एकावर बायकोनं सोलं वाळत घातली होती.
त्यानं दोन बोटांनी ती बाजूला सारली, वाचलं.
"हा आमचा रेजिदोर," म्हणाला,
"माझ्या बापाला ह्यानं
कधी पायरी चढू दिली नाही."
मग सोलं होती तशी नीट पसरून ठेवली.

पुढच्या शुक्रवारी आला, जहाजं खोडून.
त्यानंतर बरेच दिवस नाही.
मग पाडव्याच्या आसपास फरश्याही गेल्या.
चहा घ्यायचा. कपात दगडाची पूड पडायची,
तो फुंकर मारून प्यायचा.

एकदा म्हणाला, पाद्री मिसेला सांगत होता,
कुणी एक जुना राजा, सगळं भोगून बसलेला,
शेवटी म्हणाला, सगळी वाफ.
"खरं असेल," अगोस्तिन्य म्हणाला.
"राजानं वाफ लांबून बघितली असणार.
मी दिवसातून तीनदा झाकण काढायचो.
चाळीस माणसांचा भात.
वाफ जायचीच.
खाली भात असायचा."

फेब्रुवारीत गेला. मुलगा स्विंडनहून आला,
म्हणाला, सगळं लिहा, पैशांचं बघू नका.
मी शेवटचा कागद दाखवला.
नऊ अक्षरं. आडनावही नाही.
मुलगा ओट्यावर बसला, बूट पांढरे झाले त्याचे,
काही बोलला नाही.

दोनशे पाच अक्षरं माझ्यावर उधार राहिली.
ती कुणाला फेडायची, हे तो सांगून गेला होता:
ज्याला नाव परवडणार नाही त्याला.
एका पोदेराचं कोरलं. चणे विकणाऱ्या म्हातारीचं.
हिशेब वहीत आहे. कधी चुकतोही,
माझ्या बाजूनं, हे कबूल करतो.

साडेबारा झाले.
हात धुतो, नखांतली पूड काही निघत नाही.
सुंगटांचं हुमण, उकड्या तांदळाचा भात.
डबा उघडला की चष्मा धुरकट होतो.
लगेच पुसत नाही.