पूल, पोल

हॉटेलातून निघताना विचारलं, पूल कुठंय?
काउंटरवरच्या पोरानं हसत
दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.
त्याच्या भाषेत पूल म्हणजे पैसा.
पुलाला म्हणायचं पोल.
एका स्वराच्या चुकीनं मी इस्फहानमध्ये
पहिल्याच संध्याकाळी उधारी मागणारी ठरले.

पोल सापडला. विटांचा, खारकेच्या रंगाचा.
वर फक्त पायी चालणारी माणसं,
सूर्यफुलाच्या बिया फोडत निवांत.
तेहेतीस कमानी म्हणतात.
जाताना मोजल्या, बत्तीस.
येताना चौतीस.
नदी मात्र एकही नव्हती.

खाली भेगाळलेला गाळ,
त्यातून सायकल दामटणारा एक मुलगा,
आणि काठाशी साखळीला बांधलेले
प्लॅस्टिकचे सतरा राजहंस,
पायडल मारायच्या होड्या.
सगळ्यांच्या माना पश्चिमेला,
जिकडून पाणी यायचं.
हेश्मतुल्ला ओल्या फडक्यानं त्यांच्या चोची पुसत होता.
कशाला? मी खुणेनं विचारलं.
धूळ बसते ना, त्यानंही खुणेनंच.

पायरीवर थर्मास घेऊन बसलेल्या एफ्फत खानम,
भूगोलाच्या निवृत्त बाई,
मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या,
वर धरण आहे. कधीतरी दरवाजे उघडतात,
आठ दिवस, दहा दिवस.
मग अर्ध्या रात्री सपाता घालून सगळं गाव
पाण्याला सामोरं जातं.
माझे यजमान वारले ते अशाच एका आठवड्यात.
भेटायला आलेले लोक आधी पाण्याचं बोलले.
मला राग नाही आला.
मी पण खिडकीतून तेच बघत होते.

त्यांनी चहा ओतला, नदीकडे बोट केलं,
"आब नाही."
हा शब्द आमच्याकडे आहे, मी म्हटलं,
पण आमचा कोरडा आहे.
आब राखून असणं म्हणजे...
डोक्यावरचा रुमाल सावरत मी इंग्रजी शोधत राहिले.
म्हणजे काही उरलं नसताना पण, म्हणजे...
त्यांनी थांबवलं. हेश्मतुल्लाला काहीतरी सांगितलं.
त्याचं फडकं थांबलं.
मग तो मोठ्यांदा हसला, एका राजहंसाच्या मानेवर
थाप मारून बरंच बोलला.
त्याचा अनुवाद मला मिळाला नाही.

त्यानं मला होडीत बसवलं.
मी पायडल मारले. साखळी कुरकुरली,
पंखाखालचं चाक हवेत फिरलं,
थोडी माती उडाली,
सायकलवाला मुलगा पोट धरून हसला.
वर कमानीत कुणी गात होतं,
गाणं समोरच्या भिंतीला लागून परत येत होतं.

उतरले तेव्हा हेश्मतुल्लानं हात पुढे केला,
"पूल."
यावेळी मला बरोबर कळलं.
मी नोट दिली.
त्यानं ती दिव्याखाली धरून पाहिली,
खिशातून सुटे काढले, दोनदा मोजले,
अर्धे पैसे परत माझ्या तळहातावर ठेवले,
आणि गाळाकडे बोट दाखवलं:
पाणी नव्हतं ना.