वजनाला लेकरू

धारूरच्या माळावर, डिसेंबरात, दहाच्या सुमारास
बोअरच्या केसिंग पाईपात बसवलेला आरसा
मी दक्षिणेकडे वळवते.
भट्टी नावाचं तारकामंडळ. विझलेलंच वाटतं,
एकही धड तारा नाही.
तिथे आहे ती.

बाबांना आणलंय शालीत गुंडाळून,
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून दोन महिने झालेत.
"काय दिसायलंय?"
"काहीच न्हाई."
"थेट बघू नका. जरा बाजूला बघा,
पाव्हण्याच्या ताटाकडं बघतात तसं."
ते हसतात. पाईप हलतो. मी पुन्हा जुळवते.

मग बराच वेळ कोणी बोलत नाही.
खाली घाटात एक ट्रक गिअर बदलतो.
"काचेवर हा केल्यावानी," ते म्हणतात,
"आन् मधी...
लाट हाय का ती, द्वारके?"

वर्गात मी दांडी म्हणते.
दंडयुक्त सर्पिल दीर्घिका, मधोमध ताऱ्यांची दांडी,
टोकांपासून सुटलेले दोन फाटे. फळ्यावर खडूने काढून दाखवते.
पण लाटच ती.
करडईच्या घाण्याची, बाभळीची,
हौश्या ओढायचा डोळ्यांना झापड बांधून
आणि दगडांचं वजन कमी पडलं की
वर मला बसवायचे.
सहा वर्षांची मी, सोळा किलोंची.
तेवढ्यानंही घाण्याची कुरकुर
खालच्या पट्टीत जायची.

"शेजारी तिळाएवढं काही?"
"थांब. ...हाय. हाय बघ."

ती धाकटी. मी सांगू लागते:
मोठी तिला ओढते आहे,
पण तिनंही मोठीचा एक फाटा वाकवलाय.
पुढे कधीतरी मोठी तिला पोटात घेईल.
हा उजेड निघाला साडेचार कोटी वर्षांपूर्वी;
आपल्या पायाखालचा काळा दगड
तेव्हाच थंड होऊन दोन कोटी वर्षं झाली होती.

आकड्यांवर बाबा काही बोलत नाहीत.
"उतरलं न्हाई म्हणा लेकरू," एवढंच.

मी उतरले ते घाणा मोडला त्या साली.
लातूरला गेले, शिकले,
आणि हा आरसा घासताना अकरा महिने
पाण्याच्या पिंपाभोवती फिरले
त्याच चालीनं, झापड न बांधता.
बाबांचा डावा खांदा उजव्याहून चार बोटं खाली.
डॉक्टर मणक्याचं नाव घेतात.
मला ठाऊक आहे कोणत्या बाजूला
मी बसायचे,
आणि कोणता हात फेऱ्यामागून फेरा
माझ्या पाठीशी असायचा.

पृथ्वी थांबत नाही.
मिनिटाभरात दोघी चौकटीच्या कडेला येतात;
मी पाईपाला बोटानं सरकवते.
बाबा डोळा काढत नाहीत.
"हळू," म्हणतात,
"पडंल ती."